येस सरची झील

सोमवार, १६ डिसेंबर १९५७

शुक्रवारच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, 'मालनताईंनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं न घाबरता, समजून, इंग्रजीत दिली.' यातलं 'न घाबरता' खरं आहे. 'इंग्रजीत' खरं आहे. 'समजून' हा शब्द मी पदरचा घातला. लिहिताना तो खोटा वाटला नव्हता. आज वाटतो. खोडणार होते, पण खोडला तर मी काय लिहिलं होतं तेच नाहीसं होईल. म्हणून तो तसाच ठेवते आणि इथे लिहिते: त्यांना समजलं होतं की नाही हे मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.

आज पहिली पाळी सुटल्यावर मिलच्या गेटाशी इंग्रजीत नोटीस लागली होती. वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बायका तिच्यासमोर उभ्या होत्या. मला पाहताच सुंदराबाई म्हणाल्या, "आली आली मास्तरीण. वाच गं बाई, कोणाच्या नावानं शंख केलाय तो."

मी वाचलं. २१ नोव्हेंबरला सकाळी वाइंडिंग खात्यातल्या बायकांनी दहा मिनिटं मशिनं बंद ठेवली. त्यांना धमकी देऊन तसं करायला लावलं म्हणून कमळाबाई परब यांना चौकशी पुरी होईपर्यंत कामावरून दूर करण्यात येत आहे. पुढे एक ओळ होती, ती मी जरा हळू वाचली. 'एका सहकारी कामगाराच्या जबानीवरून.'

कमळाबाई पुढे झाल्या. पदर खोचला आणि नोटीस भिंतीवर सरळ चिकटली आहे का ते बघत राहिल्या. ओरडल्या त्या माझ्या वर्गातल्या मालनताई. दोन्ही हात वर करून.

"कोण गो ती मेली? कोणी दिली जबानी? जिभेक किडे पडतले तिच्या!"

मी त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर उभी होते. शुक्रवारी त्या जबानीवर मालनताईंनी सही केली तेव्हाही एवढ्याच अंतरावर होते. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मी घरी आले.

मंगळवार, १७ डिसेंबर

रात्रभर वाटत होतं की कुठून बिघडलं ते क्रमाने लिहावं. लिहिते.

गणपतीनंतर मिलच्या पाळणाघरात बायकांचा वर्ग सुरू झाला. लेबर ऑफिसर गुप्तेसाहेबांनी मला बोलावून काम दिलं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आई मिलमध्ये झाडू मारते, आबा सूतखात्यात आहेत. आमच्या माणसांना विणाईखात्यात अजून घेत नाहीत; धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागतं म्हणून विटाळ मानतात. त्या मिलमध्ये मला कोणी खुर्ची देईल असं घरात कोणाला वाटलं नव्हतं. साहेबांनी दिली. वर 'मिस साळवे' म्हणाले.

बायका बारा होत्या. (मागे एकदा चौदा लिहिलं आहे, तेही चूक.) त्यांना रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकवायचं होतं. दवाखान्यातलं, रेशनच्या दुकानातलं, साहेबाशी बोलण्यापुरतं. मी पाटीवर अक्षरं काढली तर आठ-आठ तास उभ्या राहिलेल्या बायका बसल्याबसल्या पेंगायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मी शब्द ओवीत बसवले.

वॉटर म्हणजे पाणी गं, सॉल्ट म्हणजे मीठ,
ओपन द विंडो बाई, वारा येऊ दे नीट.
नीडल म्हणजे सुई गं, थ्रेड म्हणजे दोरा,
गुड मॉर्निंग म्हणा गं, साहेब आला गोरा.

"गोरा कुठला आता?" सुंदराबाई म्हणाल्या. "गोरा गेला, हा आपला गव्हाळ आला." पण सगळ्या गायला लागल्या. आठवड्यात साठ शब्द झाले. सुंदराबाईंनी दवाखान्यात जाऊन 'आय हॅव अ फीव्हर' असं चालीवर म्हटलं, तर डॉक्टरच्या हातातली नळी गळून पडली म्हणे.

एकट्या कमळाबाई वर्गाला आल्या नाहीत. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रत्येक मोर्च्यात त्या पुढे असतात. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "मराठीसाठी माणसं गोळ्या खाऊन मेली, आणि तू आमच्या बायकांच्या तोंडात इंग्रजी घालतेस? बरं चाललंय." मी म्हटलं, इंग्रजी आलं तर फसवणूक होणार नाही. हे मी खरंच म्हटलं होतं.

मग साहेबांशी बोलायचं गाणं. ते ओवीत बसेना. आबा आयुष्यभर जलशात झीलकरी होते. शाहीर पुढे गातो, झीलकरी मागे उभा राहून त्याची ओळ उचलून धरतो, 'जी जी रं जी' म्हणतो. त्यांनी मला जलशाची एक चाल दिली. 'जी जी'च्या जागी मी 'येस सर, येस सर, थँक्यू सर' घातलं. मी प्रश्न गायचा, बायकांनी झील द्यायची. कम ऑन टाइम? येस सर. डू यू अंडरस्टँड? येस सर, येस सर, थँक्यू सर.

मागे मी लिहिलं आहे की ही झील बायकांनी निवडली. तेही खरं नाही, मीच निवडली. 'नो सर' घालून पाहिलं होतं, चालीत बसत होतं. पण साहेबांसमोर ते उद्धट दिसेल असं वाटून काढून टाकलं.

नोव्हेंबरच्या शेवटी साहेब वर्ग बघायला आले. बायकांनी हे गाणं म्हटलं. साहेबांना इतकं आवडलं की पुढच्या ओळी त्यांनी स्वतः म्हटल्या, हाताने टेबलावर ठेका धरून. बायकांनी झील दिली. सगळे हसलो. जाताना म्हणाले, "मिस साळवे, सहीसुद्धा इंग्रजीत शिकवा सगळ्यांना." मी त्या आठवड्यात सह्या शिकवल्या. सगळ्यात आधी मालनताईंना आली.

आज इतकंच. शुक्रवारचं उद्या.

बुधवार, १८ डिसेंबर

शुक्रवारचं.

साहेबांनी मालनताईंना ऑफिसात बोलावलं. एकट्या बाईमाणसाला संकोच नको म्हणून मला बसवलं. ही त्यांची समज मला बरी वाटली होती. साहेब इंग्रजीत विचारत होते आणि बोटांनी टेबलावर ठेका धरत होते, वर्गात धरला होता तोच. मालनताई ताठ बसल्या होत्या, चेहरा फुललेला. मला वाटलं, शिकलेलं कामी येतंय.

कमळाबाईंनी मशीन बंद करायला सांगितलं का? येस सर. न केलंत तर चाळीत राहू देणार नाही असं म्हणाल्या का? येस सर. हे तुम्ही राजीखुशीने सांगताय का? येस सर, थँक्यू सर.

मग सही. एक एक अक्षर, जिभेचं टोक बाहेर काढून. मग साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मजकूर असा की सदर कामगार स्त्रीस इंग्रजी समजते व मी तिला ओळखते. मी सही केली. गाणं माझं होतं, येत नाही कसं म्हणू?

मी त्या वेळी मालनताईंच्या सहीकडे बघत होते. ती इतकी सुंदर आली होती.

गुरुवार, १९ डिसेंबर

एक गोष्ट पडताळून पाहायची ठरवली. दुपारी मालनताईंच्या खोलीवर गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ये गो मास्तरणी. चाय घे. वर्ग बंद केलास की काय?"

म्हटलं, "नाही. एक उजळणी घेऊ या." आणि सुपावर बोटांनी ठेका धरला.

"इज द सन ब्लॅक?"

"येस सर, येस सर, थँक्यू सर." सुपातून मान वर न करता.

"आर यू अ मॅन?"

"येस सर, येस सर."

"डिड यू ईट द मशीन?"

"येस सर, थँक्यू सर. बरोबर ना गो?"

ठेका थांबवून मी तोच प्रश्न साधा विचारला. त्यांनी मान वर केली. "ह्या गाण्यात नाय," म्हणाल्या. "असा सुटा नको इचारू. गाऊन इचार."

मग स्वतःच म्हणाल्या, "त्या दिवशी साहेबानं कसा गोड इचारला! माका वाटला, परीक्षा घेतंय. एक पण चुकले नाय. पास ना मी?"

मी चहा पूर्ण प्यायले. कपाच्या तळाशी साखर होती.

शुक्रवार, २० डिसेंबर

सांगितलं नाही.

रविवार, २२ डिसेंबर

आबांना विचारलं, "झीलकरी शाहिराच्या शब्दाकडे लक्ष देतो का?"

आबा दाढी करत होते. "न्हाई. झीलकऱ्यानं अर्थाकडं बघू न्हाई. बघितलं की ठेका चुकतो. त्यानं सूर धरावा."

"आणि शाहीर चुकीचं बोलला तर?"

"कधी बोलला न्हाई आमचा शाहीर." मग वस्तरा पुसत म्हणाले, "पर बोलला असता तरी आम्ही जी जीच म्हणालो असतो, पोरी. तीस वर्षांची सवय." मी का विचारते ते त्यांनी विचारलं नाही. त्यांचं लक्ष नव्हतं बहुतेक.

गुरुवार, २६ डिसेंबर

धीर करून गुप्तेसाहेबांकडे गेले. म्हटलं, "मालनताईंची जबानी त्यांना एकदा मराठीतून वाचून दाखवावी असं वाटतं."

साहेब रागावले नाहीत. हसून म्हणाले, "अंगठा असता तर वाचून दाखवावी लागली असती. तो नियमच आहे. इंग्रजी सही आहे, मिस साळवे. शिवाय तिला इंग्रजी समजतं असं तुम्हीच लिहून दिलंय. तुमचं लिहिणं खोटं होतं का?"

मी म्हटलं, नाही, म्हणजे, तसं नाही.

"मग झालं. कमळाबाईची शेवटची सुनावणी १३ जानेवारीला मॅनेजरसाहेबांसमोर आहे. तिथे तुम्हाला फक्त सही ओळखायची आहे." आणि ड्रॉवरमधून एक पाकीट काढून दिलं. १५ जानेवारीपासून कामगार कल्याण खात्यात कायम नेमणूक. माझं नाव टाइप केलेलं.

सुनावणीनंतर दोनच दिवसांनी नेमणूक, हा योगायोग विचित्र आहे. पण साहेबांनी गणपतीपासूनच प्रयत्न करतो म्हणून सांगितलं होतं. उगाच संशय घेणं बरं नाही. त्यांनी मला मिस म्हटलं तेव्हा या मिलमध्ये आणखी कोणी म्हणत नव्हतं.

शनिवार, २८ डिसेंबर

आईने पाकीट बुद्धाच्या तसबिरीपाशी ठेवलंय. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ज्या ऑफिसाबाहेर मी झाडलं, तिथं आत तू बसणार." शेजारी सांगून आली.

मला जेवण गेलं नाही.

आणखी एक खरं लिहायचं राहिलं. २१ नोव्हेंबरला मशीन आधी कोणी थांबवलं ते मला माहीत आहे. वर्गात बायकाच बोलत होत्या. मालनताईंनी थांबवलं. त्यांचा धाकटा दीर लवू दोन वर्षांपूर्वी याच तारखेला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावरच्या गोळीबारात गेला. त्यांनी कोणालाही काही न सांगता मशीन बंद केलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या. शेजारणीने बघितलं, तिनेही बंद केलं. अशी एकेक करत ओळ थांबली. कमळाबाई खात्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. सगळ्यात शेवटी त्यांचं मशीन थांबलं.

बुधवार, १ जानेवारी १९५८

आज फुटलं.

युनियनच्या शामरावांनी जबानीची नक्कल मिळवली. खाली मालनताईंचं नाव. सकाळी नऊपर्यंत सगळ्या चाळीला कळलं होतं. मालनताई नळावर गेल्या तर बायकांनी हंडे उचलून रांगच मोडली; पाणी सोडून सगळ्या निघून गेल्या. सुंदराबाई मोठ्याने म्हणाल्या, "दिराच्या रक्ताचं पाणी भर आता एकटीच." मालनताई चालू नळाशेजारी रिकामी कळशी धरून उभ्या होत्या. त्यांना काही कळत नव्हतं.

मी जिना उतरले.  मालनताईंचा हात धरून त्यांना कमळाबाईंच्या खोलीत नेलं. शामराव तिथेच बसले होते, कागद मांडीवर. मी तो मागून घेतला आणि सबंध मराठीतून वाचला. प्रश्न आणि येस सर. प्रश्न आणि येस सर.

मालनताईंनी मध्ये एकदाच विचारलं, "ह्या मी बोललंय?" मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी सांगितलं की साक्षीदाराची सही माझी आहे. ठेक्याचं सांगितलं. सुपावर घेतलेल्या उजळणीचंही सांगितलं. सूर्य काळा आहे का, येस सर.

कमळाबाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग हसू कधी थांबलं ते कळलं नाही. "आमचा अंगठा बरा होता गो," त्या म्हणाल्या. "काळा होता, पण आमचा होता. तू सही शिकवलीस."

मी कागद शामरावांना परत दिला.

त्यांनी उठून मालनताईंच्या हातातली कळशी काढून घेतली, पाण्याने भरून आणून पुढ्यात ठेवली. "उठ. रडतेस कित्याक? पन्नास वेळा गाणं गायलीस, तेच गायलीस."

शामराव हिशेबी माणूस आहे. चष्मा पुसून म्हणाले, "गाण्याबिण्याचं कोणी ऐकणार नाही, कमळाबाई. या मुलीने स्वतःची सही खोटी म्हटलं तर जबानी पडेल. नाहीतर नाही. आणि तिने तसं म्हटलं तर तिची नोकरी..." पुढे माझ्याकडे बघून चष्मा चढवला.

"तिचा काय ता ती बघेल," कमळाबाई म्हणाल्या. "तिला कोणी काय बोलायचं नाय."

याचा अर्थ त्या माझ्यावर रागावल्या आहेत की मला सोडलं आहे, हे अजून समजलेलं नाही.

रविवार, ५ जानेवारी

वर्गातल्या बाराजणी आणि कमळाबाई मालनताईंच्या खोलीत जमल्या. मी नवी झील आणली होती. 'नो सर, नो सर, नॉट ट्रू, सर.' चाल तीच.

जमेना. मी प्रश्न गायला की तोंडातून येस सरच निघतं. सुंदराबाईंनी तर गालात मारून घेतली. "मेल्या जिभेला वळणच नाही. नवऱ्याला नाही म्हणते, सासूला म्हणते, देवालासुद्धा म्हणते. इंग्रजीत नाही येत."

"मग मराठीत म्हणू," मालनताई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "मी सांगतंय काय झाला ता. मशीन मी थांबवलं. लवूची आठवण इली, थांबवलं. माका कोणी सांगूक नाय."

कमळाबाई म्हणाल्या, "गप. तुझी नोकरी जाईल. तुझ्या घरात खाणारी पाच तोंडं."

"तुझ्या घरात किती?"

 मग सुंदराबाईंनी चहा ठेवला.

शुक्रवार, १० जानेवारी

गुप्तेसाहेबांनी बोलावून तालीम घेतली. 'तालीम' हा त्यांचा शब्द नाही, माझा. ते म्हणाले, उजळणी.

सोमवारी दोनच प्रश्न. ही तुमची सही आहे का? या बाईला इंग्रजी समजतं का? "जास्त बोलायचं नाही. मॅनेजरसाहेबांना वेळ नसतो." साहेब उभे होते, मी बसले होते, आणि त्यांची बोटं खुर्चीच्या पाठीवर वाजत होती. "डू यू अंडरस्टँड, मिस साळवे?"

"येस सर."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. काय विचारलं ते मला समजलं होतं, अर्थ समजला होता, तरी उत्तर विचाराच्या आधी निघालं. वर "थँक्यू सर" मी म्हटलं की नाही ते आठवत नाही. म्हटलं असावं.

घरी येताना सगळा डिलाईल रोड मी एकच गोष्ट मनाशी म्हणत आले: मालनताईंना इंग्रजी येत नव्हतं, मला येतं.

शनिवार, ११ जानेवारी

आईला सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती पाकिटाकडे बघून म्हणाली, "यात तुझं नाव लिहिलंय ते खरं आहे ना?"

"खरं आहे."

"आणि त्या दुसऱ्या कागदावरचं?"

"ते खरं नाही."

"मग दोन्हीवर तूच कशी?" एवढं म्हणून ती कामावर गेली. 

आबांची भीती वाटते. ते त्याच मिलमध्ये आहेत, निवृत्तीला पाच वर्षं राहिली आहेत. मी बोलले तर साहेब त्यांचं काय करतील? हे त्यांना विचारावं म्हणून तीनदा समोर गेले, तिन्ही वेळा दुसरंच बोलले. त्यांनीही विषय काढला नाही. त्यांना कदाचित तारीख माहीत नसावी. आज पेटीतून जलशातला काळा कोट काढून त्यांनी उन्हात टाकला आणि बटणं तपासली. एक सैल होतं, ते स्वतः शिवलं. मी विचारलं, सोमवारी कुठे लग्न आहे का? म्हणाले, "न्हाई. पाळी बदलून घेतलीय सोमवारची." कशाला ते सांगितलं नाही.

रविवार, १२ जानेवारी

काय बोलायचं ते मराठीत लिहून काढलं आणि पाठ केलं. पाठ केल्यावर फाडून टाकलं. पाठ केलेलं पुन्हा झीलच होईल. आता जे सुचेल ते.

क्रम मात्र ठरवला आहे. पहिल्या प्रश्नाला: सही माझी आहे. दुसऱ्याला: नाही. मग मालनताईंना मराठीत विचारा अशी विनंती. नाही म्हणाले तर मी टेबलावर ठेका धरणार आहे आणि मॅनेजरसाहेबांसमोर त्यांना विचारणार आहे, सूर्य काळा आहे का. पुढचं साहेब ऐकतीलच. मालनताईंना मी हे आधी सांगितलं आहे, म्हणजे त्यांना पुन्हा कोणी फसवलं असं होणार नाही. त्या म्हणाल्या, "इचार. त्यानंतर मी माझा सांगतंय, मराठीत." हे माझ्याच्याने थांबवता येणार नाही.

पाकीट तसबिरीपासून काढून पिशवीत ठेवलं. परत मागितलं तर तिथल्या तिथे देता यावं. दुमडलेलं नाही.

पाऊण तासापूर्वी कमळाबाई दारात येऊन गेल्या. आत आल्या नाहीत. "जेवलीस?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटं होतं, त्यांनाही कळलं. भाकरी आणि सुकटीची चटणी झाकून ठेवून गेल्या. आमच्या खोलीत त्यांच्याकडचं जेवण पहिल्यांदा आलं. मी ती सगळी खाल्ली.

चुका राहिल्या असतील तर नंतर दुरुस्त करीन. ही तारीख मात्र चुकवायची नाही: सोमवार, १३ जानेवारी १९५८, सकाळी अकरा वाजता.